आतला दुसरा आरसा

चाँद मिस्त्रीनं नापास केलेली गाडी चौसाळ्यात कुणी फुकटसुद्धा घेत नसे. वीस वर्षं हात काळे करून त्यानं हा मान कमावला होता, आणि त्याचा त्याला थोडा माजही होता. मालक खोटं बोलेल, गाडी बोलत नाही, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. आश्रुबांनाही ऐकवून झालं होतं.

आश्रुबा एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. त्यांच्या बायकोला, छबुबाईंना, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला बीडला न्यावं लागे. जाताना त्या कशाबशा बसून जात, पण मशीनवरून उतरल्यावर त्यांना मान धरवत नसे. भाड्याच्या जीपमध्ये दोन माणसांच्या मध्ये चेंगरून परतायचं म्हणजे जिवावरचं काम. मागच्या महिन्यात दोनदा त्या "आज ऱ्हाऊ द्या" म्हणाल्या आणि गेल्याच नाहीत. तेव्हा डॉक्टरांनी आश्रुबांना बाजूला घेऊन सांगितलं, असं आणखी काही वेळा झालं तर बाई हाती लागणार नाहीत.

म्हणून आडवं होता येईल अशी गाडी हवी होती. छोट्या गाडीत ते जमेना, मोठी झेपेना. ती शोधायचं काम आश्रुबांनी चाँदवर सोपवलं. त्यानं मनाशी नक्की केलं, लांब पाठीची स्टेशन वॅगन. मागची सीट पाडली की सरळ डिकीपर्यंत अंथरूण. अशा गाड्या आता नव्या मिळत नाहीत, जुनीच शोधायची.

पहिली सापडली ती डिझेलची. आश्रुबा खूश होते, कारण तेलाला स्वस्त आणि घाटात ओढायला दणकट. चाँद मागं आडवा झाला आणि म्हणाला, "चालवा, काका." बायपासला फेरी मारून आले तेव्हा त्याच्या दाढा दुखत होत्या.

"ह्ये इंजिन लई चांगलं हाय, पन मागं झोपनाऱ्याचं न्हाई," तो म्हणाला. "काकूच्या हाडाहाडात थरथराट जाईल. पेट्रोलची बघू. आवरेज कमी देईल, पन निजवून नेईल."

दुसरी पेट्रोलची गाडी बीडला सुंदरराव गुरुजींच्या दारात मिळाली. गुरुजी निवृत्त शिक्षक, एकटेच राहणारे, कमी बोलणारे. त्या दिवशी छबुबाईंचं डायलिसिस नव्हतं, पण गाडी आपण बघणार असा त्यांनी हट्टच धरला. जीपमधून उतरून त्या अंगणातल्या खुर्चीत टेकल्या.

इंजिन सुरू झालं तसा चाँदचा चेहरा खुलला. आवाज एकसारखा, धूर नाही, तेल स्वच्छ. किलोमीटरचा आकडा आणि ब्रेकच्या पेडलचं झिजलेलं रबर एकमेकांशी जुळत होतं. कागदांवर पहिल्यापासून एकच नाव.

"कशाला वापरली, गुरुजी?"

"घरचीच गाडी," गुरुजी म्हणाले आणि दुसरीकडं बघू लागले.

ते दुसरीकडं बघणं चाँदला खटकलं. मग त्याला एकेक गोष्ट दिसू लागली. मागच्या सीटची बिजागरी पार खिळखिळी झालेली, म्हणजे सीट सतत पाडलेली. पुढं, नेहमीच्या आरशाखाली, एक दुसरा छोटा आरसा बसवलेला, खाली मागच्या जागेकडं वळवलेला. घरच्या गाडीला मागचा माल बघायला आरसा कशाला? शेवटी त्यानं डिकीतलं स्टेपनी टायर उचललं. खालच्या खळग्याच्या कडेला राखाडी भुकटी साचली होती. त्यानं ती कागदाच्या तुकड्यावर घेतली, चिमटीत चोळली आणि त्याला सगळं समजलं, किंवा समजलं असं वाटलं.

बीड जिल्ह्यात राखाडी भुकटी दिसली की लहान पोरही परळी म्हणेल. औष्णिक केंद्राची राख, ती नेणारे ट्रक, राखेच्या विटा. चाँदनं खाली वाकून निदान स्प्रिंगा तरी बघायला हव्या होत्या. ओझं वाहिलेल्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा बसलेल्या असतात, आणि या तर नव्यासारख्या ताठ होत्या. पण त्याचं ठरून गेलं होतं. ठरल्यावर हा माणूस बघत नसे.

"गुरुजी, खोटं कावून बोलता?" तो अंगणात सगळ्यांदेखत म्हणाला. "ह्या गाडीनं परळीची राख वाह्यलीय. पोत्यांनी. शिकवनाऱ्या मानसानं तरी असं करू न्हाई."

 गुरुजी पायरीवर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून जमिनीकडं बघत राहिले.

आश्रुबांचा चेहरा उतरला. चाँदनं पुरावा म्हणून कागद छबुबाईंपुढं धरला. त्यांनी तो मांडीवर घेतला, डोळ्यांजवळ नेला, बोटानं भुकटी हलकेच बाजूला केली. राखेत एक काळा मणी होता, अर्धवट वितळलेला.

"चाँद," त्या म्हणाल्या, "ही परळीची राख न्हाई बाबा. ह्यो सवाशिनीच्या गळ्यातल्या पोतीचा मनी हाय."

चाँदला क्षणभर कळेना. मग कळलं, आणि त्याला कुठं तोंड लपवावं ते सुचेना.

"बार्शीच्या दवाखान्यात नेत होतो आमच्या हिला," गुरुजी खाली बघतच बोलू लागले. "दोन वर्षं. बसवत नव्हतं, म्हणून सीट पाडून. शेवटच्या खेपेला परत येताना मांजरसुंब्याच्या घाटात गेली. रक्षा राक्षसभुवनला गोदावरीत सोडायला नेली तीही याच गाडीतून. रस्ता खराब, मडकं मागं कलंडलं. होती तेवढी भरून घेतली. कोपऱ्यात राहिली ती पुसायला हात झाला नाही." मग म्हणाले, "आजारी माणसासाठी हवी म्हणालात, तेव्हा सांगायला पाहिजे होतं. पण सांगितलं असतं तर कोण घेणार होतं?"

चाँद छबुबाईंच्या मांडीवरचा कागद घेऊन पायरीपाशी गेला. कागदाची घडी त्यानं दोन्ही हातांनी गुरुजींच्या हातात दिली. "माफ करा गुरुजी. माजं चुकलं. लई वंगाळ बोललो." गुरुजींनी घडी खिशात ठेवली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातानं चाँदला अधिकच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण आता आश्रुबाच मागं सरकले. जिच्यात एक बाई गेली त्या गाडीत आपली बायको निजवायची? ते चाँदला हळूच म्हणाले, "दुसरी बघू." गाडी पास की नापास, हे पहिल्यांदाच चाँदला सांगता येईना.

छबुबाईंनी ते ऐकलं. "गुरुजी," त्यांनी विचारलं, "बाईंना मागं नीट झोपता येत होतं का?"

गुरुजींनी पहिल्यांदा मान वर केली. "येत होतं. कधीकधी तर घोरायची."

"मग मी झोपून बघते."

चाँदनं सीट पाडली. गुरुजी आतून गोधडी घेऊन आले, त्या जागेच्या मापानंच शिवलेली. "डोकं डिकीकडं," ते म्हणाले. "तोंड पुढं राहतं. आणि आरसा हलवू नका. ती काही लागलं तरी हाक मारायची नाही, म्हणून तो बसवला होता."

कागदपत्रं उद्या करायची ठरली. गाडी गुरुजींनी आजच न्या म्हणून सांगितलं. आश्रुबा चालवायला बसले, चाँद शेजारी. पाली मागं पडलं आणि मांजरसुंब्याचा घाट लागला. इंजिन कुरकुर न करता चढत होतं. एरवी चाँदनं त्याचं तोंड भरून कौतुक केलं असतं. तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाची नजर रस्त्यावरून सुटून पुन्हा पुन्हा त्या छोट्या आरशात जात होती, हे चाँदला दिसत होतं.

वळणावर समोरून ट्रकनं हॉर्न दिला.

"हाय मी," मागून छबुबाई म्हणाल्या. "तुमी रस्त्याकडं बघा."