स्कारचं वरचं फाटक

ओरिन स्कारने फोनवर चारच वाक्यं बोलून रिसीव्हर आपटला होता. कुणीतरी फाटक लावून गेलं, गाई पाण्याला मुकल्या, सुकलेल्या तळ्याच्या गाळात रुतून मेल्या, ये आणि डोळ्यांनी बघ. मार्लिस टँगनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खडीच्या रस्त्यावरून पिकअप हाणताना ती एकटीच शिव्या घालत होती. वाचता येत नाही का मेल्यांना? प्रत्येक बोर्डावर ठसठशीत अक्षरांत लिहिलंय, फाटक जसं दिसेल तसंच ठेवा. उघडं दिसलं तर उघडं, बंद दिसलं तर बंद. यात न कळण्यासारखं काय आहे?

मार्लिस राज्याच्या शिकार खात्यात होती. रँचवाल्यांना, म्हणजे गुरांच्या मोठाल्या कुरणांच्या मालकांना पटवायचं, की बाबांनो, हरणाच्या शिकारीच्या मोसमात तुमची जमीन लोकांना खुली करा, हेच तिचं काम. ऐकायला सोपं आहे, करून बघावं एकदा. उंबरठे झिजवायचे, करपट कॉफी गोड मानून प्यायची, कुणाच्या गुडघ्याचं दुखणं ऐकायचं, कुणाच्या सुनेच्या तक्रारी ऐकायच्या, आणि मग हळूच विषय काढायचा. एवढं करून लोक नाहीच म्हणायचे. नदीकाठच्या जमिनी एकेक करून बाहेरच्या पैसेवाल्यांनी घशात घातल्या होत्या आणि फाटकांना साखळ्या ठोकल्या होत्या. वर्षातून एकदा यायचं, भिंतीवर टांगायला शिंगं न्यायची, की झालं. मग ज्याला हिवाळ्यासाठी फ्रीझरमध्ये एक हरीण हवं असतं, त्या गावातल्या माणसाने जायचं कुठे? स्कारच्या रानात. तेवढं एकच खुलं उरलं होतं. त्याचा करार या महिन्यात संपत होता. ओरिन पुन्हा सही करायला जवळजवळ तयार झाला होता, आणि नेमकं आताच कुणीतरी हा घोळ घालून ठेवला.

तळ्यापाशी ती पोचली तेव्हा वाऱ्यावरच वास आला. काळ्या गाळात पाच गाई आडव्या पडल्या होत्या, फुगलेल्या. सहावी पोटापर्यंत रुतली होती, पण कान हलत होते. तिच्या शेजारी मांड्यांपर्यंत चिखलात उभा राहून एक माणूस तिच्या पोटाखालून दोर घालत होता. तो रस केम्फ होता, शाळेची बस चालवणारा. ओरिन काठावर दोराचं दुसरं टोक धरून उभा होता. ऐंशीच्या घरातला माणूस, पण रागाने ताठ झालेला.

"बघ," ओरिन म्हणाला. "पोटभर बघून घे. फाटक लागलं त्या दिवशी या रानात तुझ्या शिकाऱ्यांपैकी हा एकटाच होता. कबूल मात्र करत नाही."

"मी खालून आलो, ओरिन," रस गाळातून म्हणाला. "वर गेलोच नाही. फोनवर पण तेच सांगितलं."

"खोटं बोलतोस."

मार्लिसने गाडीचं दार दाणकन लावलं. "रस, तुला लाज वाटते का रे? या माणसाने तुला पोरासारखं रानात येऊ दिलं. तुझ्या एकट्यामुळे उद्या सगळ्या गावाला हे बंद होईल. काय होतं दोन ओळी वाचायला?"

रस पुन्हा दोराकडे वळला आणि गाईच्या पोटाखालचा गाळ हाताने उपसू लागला. त्याने ती आणखीनच भडकली.

"कुठलं फाटक?" तिने ओरिनला विचारलं. "मला दाखवा. फोटो काढते. शिकाऱ्यांच्या यादीतून याचं नावच कायमचं काढून टाकते."

"वरचं. टेकाडाखालचं, तारांचं. पलीकडच्या हौदाशिवाय या वर्षी कुठे थेंब नाही, म्हणून गुरांना पलीकडे जाता यावं असा मी मुद्दाम फास सोडून तारा गवतात टाकल्या होत्या."

मार्लिसने फोटोसाठी काढलेला फोन परत खिशात ठेवला.

गवतात पडलेल्या तारा. सोमवारी वरच्या बाजूला नवे बोर्ड ठोकून परतताना तिला त्या दिसल्या होत्या, आणि तेव्हाही तिचं डोकं असंच फिरलं होतं. कुणा नालायकाने फाटक उघडं टाकलं म्हणून तिने तोंडभर शिव्या दिल्या होत्या, मग खांद्याचा जोर लावून तारांच्या टोकाची काठी खांबापर्यंत ओढली, खांबावरचा तारेचा फास तिच्यावर चढवून फाटक बंद केलं आणि हात झटकले होते. चांगलं काम केलं असं वाटलं होतं तिला. तिचा बाप गुरंवाला होता. उघडं फाटक न लावता पुढे गेलीस तर पाठ सोलीन, असं म्हणत त्याने तिला वाढवलं होतं.

गप्प राहता आलं असतं. रसच गुन्हेगार, असं सगळ्यांनी मानलंच होतं. मार्लिसला ते सुचलं, आणि सुचलं याचीच तिला किळस आली.

"मी लावलं," ती म्हणाली.

"काय?"

"फाटक. सोमवारी. मला वाटलं, कुणी शिकाऱ्याने उघडं टाकलंय. रस नव्हता, ओरिन. मी होते."

ओरिनच्या हातातून दोर सुटला. "मला विचारलं नाहीस?"

"तिथे रेंज नव्हती. घरी येऊन सांगणार होते. मग दुसरं काम निघालं आणि..."

"आणि विसरलीस." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "नवखा पोरगा असता तर मी समजून घेतलं असतं. तू माझ्या टेबलाशी बसून मला तो नियम समजावलास. बोट ठेवून वाचून दाखवलास."

 सकाळपासूनचा तो सगळा राग आता तिच्यावरच उलटला होता आणि शिव्या द्यायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

ओरिन रसकडे वळला. "मी गुरांच्या खाद्याच्या दुकानात दहा जणांपुढे तुला खोटारडा म्हटलं. तरी तू दोर घेऊन आलास."

"ही जिवंत होती ना अजून," रस म्हणाला.

म्हातारा गाईकडे वळला. मग मार्लिसकडे न बघताच म्हणाला, "करार गाडीत आहे का?"

"आहे. पण आज नको, ओरिन. तुम्ही रागात आहात."

"आण म्हटलं ना."

तिने आणला. त्याने पिकअपच्या बॉनेटवर ठेवून, चिखलाने माखलेल्या हाताने, न वाचता सही केली. ज्या सहीसाठी तिने एवढे महिने नाकदुऱ्या काढल्या, ती समोर ओली होती.

"जमीन खुली राहील," तो म्हणाला. "रसला, गावातल्या सगळ्यांना. मागे होती तशीच. तू मात्र पुन्हा माझ्या कुंपणाच्या आत पाय ठेवायचा नाहीस."

"बोर्ड लावायला कुणीतरी यावंच लागतं."

"तुझ्या खात्याला म्हणावं, दुसरं कुणी पाठवा."

ओरिनने जाऊन दोराचं टोक उचललं, तोवर चिखलात गाईची मान खाली झुकू लागली होती. रस ओरडला, "आता, ओरिन, ओढा." दोर ताणला गेला आणि म्हाताऱ्याचे बूट घसरू लागले. मार्लिस धावली, तिने दोराला हात घातला.

"सोड," ओरिन म्हणाला. "आम्ही बघतो."

तिने दोर सोडला.