चौथ्या मजल्यावरचा पूर

पाऊस चार दिवस लागून होता आणि क्रांतीताईंच्या हातातून मोबाईल सुटत नव्हता. बंधाऱ्याची पातळी किती वाढली, धोक्याची खूण किती लांब राहिली, दुसरं काही सुचत नव्हतं. भाकरी करपली तरी त्यांना वास आला नाही.

आता हे घर नदीकाठी असतं तर कुणी नावं ठेवली नसती. पण काही वर्षांपूर्वीच्या महापुरात शाहूपुरीतलं घर छातीभर पाण्यात गेलं, तेव्हा ते विकून त्यांच्या नवऱ्यानं, हंबीररावांनी, उंचावरच्या कॉलनीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. तरीही क्रांतीताईंची भांडी पोत्यात बांधून माळ्यावर होती. लेक मोनाचा लहानपणीचा पाळणासुद्धा तिथंच, सुंभानं करकचून बांधलेला!

दुपारी मोनाचा हातकणंगल्याहून फोन आला. पहिलटकरीण होती ती.

"आई, सातवा लागला. न्यायला कधी येतीस?"

क्रांतीताईंनी खिडकीतून पावसाकडं बघितलं. "यंदा तिकडंच र्‍हा बाळा. इथं पाणी आलं तर तुला घेऊन कुठं पळू?"

पलीकडं हुंदका ऐकू आला आणि फोन बंद झाला.

हंबीरराव भडकले. "अगं, चौथ्या मजल्यावर पाणी चढायचं म्हंजे निम्मा पन्हाळा बुडाय पायजे की! पहिलं बाळंतपण माहेरात, आणि तू लेकीला नको म्हणतीस?"

क्रांतीताईंनी पायात चपला सरकवल्या. छत्री घेतली आणि रिक्षानं थेट जुन्या गल्लीत गेल्या. पाणी कुठवर आलंय ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं.

गल्ली कोरडी होती. जुन्या शेजारीण अंबूबाई अजून तिथंच राहत. भिंतीवर पुराच्या पाण्याची मळकट रेघ तशीच होती आणि तिच्याखाली बसून त्या निवांत लसूण सोलत होत्या.

"काकू, भ्या वाटत न्हाय तुम्हाला?"

"वाटतंय की! न वाटाय मी काय दगड हाय?" अंबूबाईंनी दारामागं बोट दाखवलं. तिथं एक पिशवी टांगली होती. "औषधं, कागदं, दोन लुगडी. पाणी वाढलं की पिशवी उचलायची आणि उंचावरच्या शाळेत जायचं. तोवर भ्या त्या पिशवीत र्‍हातंय, मी माझा सैपाक करतो. मोना कधी येणार?"

क्रांतीताईंनी मान खाली घालून सगळं सांगितलं.

अंबूबाईंच्या हातातली पाकळी तशीच राहिली. "आगं बया! म्हंजे पूर यायच्या आधीच लेकीला पाण्यात ढकललीस की! आमच्या घरातलं पाणी कवाच गेलं, क्रांती. तुझ्या डोक्यातलं न्हाय गेलं. ते तू जिन्यानं वर घेऊन गेलीस!"

क्रांतीताईंना रडू कोसळलं. इतकी वर्षं आपण सुरक्षित घरात राहत होतो, पण जगत होतो त्या छातीभर पाण्यातच! आणि आता त्यात लेकीलाही ओढणार होतो!

घरी येताच त्यांनी हंबीररावांना पाळणा खाली काढायला लावला. सुंभाची गाठ सुटेना, तेव्हा विळीवर कापली. बाहेर पाऊस कोसळतच होता. तरी त्यांनी फोन लावला.

"मोना, उद्या न्यायला येतोय."

"आणि आई, पाणी आलं तर?"

क्रांतीताईंनी दाराकडं बघितलं. दारामागं त्यांनी मघाशीच भरून टांगलेली नवी पिशवी होती.

"आलं तर बघू. मी हाय की!"

वाचकहो, आपणही सुखासाठी घरं बदलतो, गावं बदलतो आणि भीती मात्र पोत्यात बांधून बरोबर नेतो. उंचावरचं घर पुरापासून वाचवेल, भीतीपासून नाही. भीतीला दारामागं जागा द्या, पण घर तिच्या नावावर करू नका. सुखाला राहायला आधी मनात कोरडी जागा लागते.

त्या रात्री क्रांतीताईंनी पातळी बघितली नाही. त्या पाळणा पुसत बसल्या होत्या.