नऊ ऑगस्टला अडकलेला डबा

मी एक जुना, पत्र्याचा, तारखांचा डबा आहे, मित्रांनो, आणि मी जन्माचा भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी थरथरलो की तुम्ही हसणार नाही. हसलात तरी माझी हरकत नाही. माझ्या जागी तुम्ही असता तर तुमचीही पाचावर धारण बसली असती.

मुंबईच्या एका कारखान्यात पत्रा कापून, ठोकून मला घडवलं. पोटात कापडाच्या तीन पट्ट्या रुळांवर गुंडाळल्या. एकीवर वार, दुसरीवर आकडे आणि तिसरीवर महिने. तोंडावर तीन खिडक्या पाडल्या आणि बाजूला पिळायला तीन कान बसवले. कान पिळला की खिडकीतला दिवस पुढे सरकतो. वर्षासाठी मात्र खिडकी ठेवली नाही. का ठेवली नाही हे मला कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं धाडस मला झालं नाही.

बेळगावच्या एका रंगाच्या व्यापाऱ्याने असे डबे गिऱ्हाइकांना वाटले. त्यांतला मी शहापूरच्या सिद्राम विणकराच्या वाट्याला आलो. साल १९११, डिसेंबरची बारा तारीख. त्या दिवशी दिल्लीत बादशहाचा दरबार भरला होता आणि इकडे शाळेतल्या पोरांना खाऊ वाटत होते. सिद्राम खुशीत घरी आला. त्याची नवी नवरी नागुबाई मागाशेजारी रहाटावर कांड्या भरत बसली होती. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात घालायच्या सुताच्या त्या बारक्या नळ्या. सिद्रामने मला तिच्यापुढे धरलं आणि म्हणाला, "ह्यात सालभराच्या तारखा हायत."

नागुबाईच्या हातातली कांडी गळून पडली. "सालभराच्या? आपून कुणाचं काय वाकडं केलंय?"

मला काही कळेना. मग हळूहळू कळलं. विणकरांच्या घरात दिवस मोजायचे ते तिथीने. अमावास्येला माग बंद, पुनवेला देवाला नारळ, बाजार शनिवारी. तारखेचं काम कुणाला पडत होतं? त्या घराला 'तारीख' एकच ठाऊक होती, कोर्टाची. सिद्रामच्या बापाची बोळातल्या एका भिंतीवरून वर्षानुवर्षं फिर्याद चालली होती. आज तारीख पडली, पुन्हा तारीख पडली, असं करत बिचारा झिजला. नागुबाई लग्न होऊन आली त्याच महिन्यात तो एका तारखेला म्हणून घरातून निघाला आणि कोर्टाच्या आवारातच छातीला हात लावून खाली बसला. त्याला खांद्यावरून घरी आणला. तेव्हापासून नागुबाईच्या मनाने घेतलं, की तारखेला गेलेला माणूस आपल्या पायांनी परत येत नाही.

सिद्रामने तिला चार वेळा समजावलं. शेवटी तिने मला भिंतीवर टांगू दिलं, पण एका अटीवर. त्या शब्दाचा उच्चार घरात करायचा नाही. माझा कान पिळण्याला तिने स्वतःचं नाव ठेवलं, 'दिवस उलटणं'. रोज सकाळी सडा-सारवण झालं की ती पदराला हात पुसून माझ्याकडे येई आणि दिवस उलटे. बोळाकडच्या खिडकीसमोरच मी होतो. बोळातून जाणारे-येणारे मान वळवून माझ्याकडे बघत.

मित्रांनो, दिवस काही कपाळावर लिहून येत नाही. उद्याचा आकडा माझ्या पोटात तयार असे, पण त्या आकड्यात काय दडलंय ते मला तरी कुठे ठाऊक होतं? १९१४च्या ऑगस्टची चार तारीख मी इतर दिवसांसारखीच दाखवली. तिकडे विलायतेत लढाई पेटली आणि तिची झळ शहापूरच्या बोळात आली. लाल-जांभळे रंग जर्मनीतून येत, ते बंद झाले. रंगाविना सूत अडलं, आणि सुताविना माग. सिद्रामचा धाकटा भाऊ भरमू रिकाम्या मागाला कंटाळून छावणीत गेला आणि पलटणीत भरती झाला. निघताना त्याने हसत हसत माझा कान पिळला. म्हणाला, "वहिनी, मी येईपातूर ह्याला उपाशी ठेवू नका."

तिने नाही ठेवलं. चार वर्षं माझा एकही दिवस चुकला नाही. १९१८च्या नोव्हेंबरात अकरा तारखेला लढाई थांबली. दोन दिवसांनी छावणीकडून आनंदाचे बार ऐकू आले, आणि त्याच दिवसांत साथीच्या तापाने घरोघरी माणसं अंथरुणाला खिळली होती. आनंद कुणी करायचा? भरमूचा पत्ता नव्हता. मग छावणीतून एक माणूस आला, दारातच उभा राहून दोन शब्द बोलला आणि गेला.

नागुबाई रडली नाही. ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेने माझा पत्रा गार पडला. तिला वाटलं, मीच माणसं नेतो. दुसऱ्या दिवसापासून ती मला हळद-कुंकू लावायला लागली. देव म्हणून नव्हे हो! अंगात येणाऱ्या बाईला जसं आधीच लुगडं-चोळी देऊन शांत करतात, तसं. मीही तिला घाबरायचो आणि तीही मला घाबरायची. कुंकू माझ्या कानाच्या फटीत साचत गेलं.

चांगला दिवस माझ्या वाट्याला आलाच नाही असं नाही. १९२४च्या डिसेंबरात सव्वीस तारखेला टिळकवाडीच्या माळावर काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अवघा मुलूख लोटला. सिद्राम चार वर्षांच्या ज्योतिबाला, आपल्या एकुलत्या लेकाला, खांद्यावर घेऊन गेला. संध्याकाळी दोघं धुळीने माखून परत आले, तेव्हा नागुबाईने पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसून म्हटलं, "आज कुणाला न्हेलं न्हाईस रं बाबा." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

ज्योतिबा मोठा झाला, शाळेत गेला, आणि शाळेतून तो शब्द घेऊन आला. तो सरळ 'तारीख' म्हणे. आईच्या कपाळावर आठी पडली की हसे. त्याला कुणी मागची गोष्ट सांगितली नव्हती, आणि तिनेही कधी सांगितली नाही. एका घरात राहणाऱ्या दोन माणसांचा एकच शब्द, आणि त्याचे अर्थ दोन. इथेच पुढे घात झाला.

१९४२, ऑगस्टची नऊ तारीख, रविवार. मुंबईत पहाटेच पुढाऱ्यांना धरल्याची बातमी संध्याकाळपर्यंत बोळात आली. ज्योतिबा बाहेरून धापा टाकत आला. चळवळीतल्या आपल्याबरोबरच्या दोघांना पोलिसांनी उचललंय, आपलं नाव घेतलंय, एवढंच त्याने सांगितलं. आमचं शहापूर सांगली संस्थानात आणि पलीकडचं बेळगाव इंग्रजांचं, पण पोलिसाच्या काठीला हद्द कुठे ठाऊक असते? नागुबाईने भाकरी फडक्यात बांधली. ज्योतिबाने घोंगडं डोक्यावर घेतलं आणि दारात थांबला.

"आई, खिडकीतनं बघीन. तारीख फिरली की समजीन, घरात येतो."

असं म्हणताना त्याने माझ्याकडे हनुवटी केली होती. मी पाहिलं. पण नागुबाईचं तोंड पदरात होतं. तिच्या कानात फक्त 'तारीख' आणि 'येतो' एवढंच शिरलं. सासऱ्यासारखाच लेक तारखेला येणार, बेड्यांत येणार आणि खांद्यावरून जाणार! मी आतल्या आत ओरडलो, 'अगं बाई, तो माझ्याबद्दल बोलतोय! पोलीस असले तर मला फिरवू नको, गेले की फिरव!' पण पत्र्याला कुठली वाचा?

सोमवारी सकाळी ती माझ्यापुढे आली. हात वर केला, आणि खाली घेतला. सिद्राम म्हणाला, अगं, कान पिळला नाहीस म्हणून सूर्य थांबतोय व्हय? ती म्हणाली, "न थांबूदे. पर माझ्या हातानं मी तारीख आणणार न्हाय."

झालं. मी नऊ ऑगस्टलाच अडकलो.

बोळाच्या तोंडाशी एक पोलीस दसऱ्यापर्यंत बसून होता. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडे बघे, चहा मागून पिई. दसरा झाला आणि तो उठून गेला, तो परत आलाच नाही. वाट मोकळी झाली. पण माझ्या तोंडावर 'रविवार ९ ऑगस्ट' तसाच. पावसाळी दमटपणाने माझे कान गंजले होते आणि गंजावर कुंकवाचा थर चढला होता.

दिवाळी सरली आणि एका बाजाराच्या दिवशी, गर्दीतून, घोंगडं पांघरलेला एक माणूस बोळात आला. आमच्या खिडकीसमोर वहाणेतला खडा काढायला म्हणून वाकला. मान वर केली. ज्योतिबाच होता! गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. त्याने आधी आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. नऊ ऑगस्ट. त्याचा चेहरा उतरला. आत कांड्या भरत बसलेल्या आईच्या पाठीकडे तो क्षणभर बघत राहिला, घोंगडं पुढे ओढलं आणि गेला. चार हात अंतर होतं हो, चारच हात! नागुबाई रहाट फिरवत होती. मी तेव्हा जेवढा घाबरलो, तेवढा लढाईलाही घाबरलो नव्हतो.

संक्रांतीला तो पुन्हा आला. या वेळी अंगात थंडी भरून दात वाजत होते. खानापूरकडच्या रानातला हिवताप. मला दिसत होतं, की हा माणूस आता फार दिवस काढायचा नाही. भिंतीला हात टेकून त्याने मला पाहिलं, मान हलवली आणि पडत-झडत माघारी वळला. आणि आत त्याची आई, तो सुखरूप राहावा म्हणून, रोज मला हात जोडत होती!

पुढच्याच बाजाराला यल्लाप्पा नावाचा एक शेतकरी बांबू विकायच्या निमित्ताने दारात आला. खानापूर तालुक्यातल्या याच माणसाने ज्योतिबाला आपल्या शेतावरच्या खोपीत ठेवलं होतं. त्याने इकडे-तिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मावशी, ज्योतिबाला ताप लई हाय. दोनदा दारापातूर आलता. तारीख फिरली न्हवती म्हणून माघारी गेला. अजून पोलीस हायत व्हय?"

नागुबाईला काही उमजेना. "पोलीस दसऱ्यालाच गेलं. आणि तारीख लागलीच कुठं कोर्टात?"

"कोर्टाची न्हवं, मावशी." यल्लाप्पाने माझ्याकडे बोट केलं. "ह्या डब्याची."

सिद्रामचा माग थांबला. नागुबाई माझ्याकडे बघत राहिली आणि तिला सगळं एकदम कळलं, हे मला तिच्या डोळ्यांत दिसलं. दोनदा आला होता. तिच्या पाठीमागे उभा होता. ती पुढे झाली आणि माझा आकड्यांचा कान धरला.

कान हलेना! सिद्राम पकड आणायला धावला. माझा जीव गोळा झाला. जुना पत्रा, गंजलेला खिळा. पकडीने ओढला तर कान तुटून हातात येईल, आणि मी मरेपर्यंत नऊ ऑगस्टच दाखवत राहीन. नागुबाईने नवऱ्याचा हात धरला. चुलीवर खोबरेल कोमट केलं, कापसाच्या वातीने थेंब थेंब कानात सोडलं आणि सुईने इतक्या वर्षांचं कुंकू उकरून काढलं. ती पुटपुटत होती, "फिर रं बाबा. तुला घाबरले, चुकलं माझं. फिर." मी जेवढं बळ होतं तेवढं लावलं. आधी कुरकुरलो, मग करकरलो, आणि फिरलो!

आता दाखवायचं काय? आज तारीख कोणती, हे तिघांतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. सिद्राम म्हणाला, आज पौषातली दशमी. यल्लाप्पा म्हणाला, "कंचीबी चालंल. फकस्त नऊ नको."

दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, ज्योतिबा यल्लाप्पाच्या बैलगाडीतून पेंढ्याखाली निजून आला. बोळात उतरला, आणि एवढा ताप असूनही आधी खिडकीतून मला पाहिलं. मग उंबरा ओलांडला. नागुबाईने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि ती भरमूसाठी, सासऱ्यासाठी, साऱ्यांसाठी एकदमच रडली. मागच्या खोलीत सुताच्या गाठोड्यांआड त्याने ताप काढला. रोज सकाळी ती माझा कान पिळायची; भीती गेली नव्हती, पण एकही दिवस चुकला नाही.

आणि मग १९४७. ऑगस्टची पंधरा, शुक्रवार. आता ज्योतिबाला लपायचं कारण उरलं नव्हतं. बेळगावकडून प्रभातफेरीचा आवाज येत होता. नागुबाई न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून माझ्यापुढे आली. तिने मला कुंकू लावलं नाही, तेलाचा थेंब सोडला. कान पिळला. मग दाराशी जाऊन, जो शब्द छत्तीस वर्षं तिच्या तोंडून भीतीशिवाय कधी निघाला नव्हता, तो बोळाला ऐकू जाईल असा म्हणाली, "शेजाऱ्यांनो, ऐकताय न्हवं? आज तारीख हाय!"

मित्रांनो, माझा रंग उडालाय, एक खिडकी धुरकट झालीय. भीती अजूनही वाटते, कारण उद्याचा आकडा आजही माझ्या पोटात झाकलेलाच आहे. पण तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी जुनं टांगलेलं असेल तर त्याला नुसतं कुंकू लावू नका, कधीतरी कानात तेलही घाला. आणि घरातून निघालेला माणूस दारात थांबून काही सांगत असेल, तर पदर तोंडावरून काढून त्याला एकदा विचारा, "काय म्हणालास रं बाळा?"

तेवढंच त्या दिवशी कुणी विचारलं नव्हतं.