दोन चापट्यांचा स्पीकर

चार दिवस झाले. तारांना टाके मारायची सोल्डरिंग गन हातात धरवत नाही.

सुरुवात दाजींनी केली. दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. नवा स्पीकर आणला आणि घरभर मिरवला. "वजन बघ वजन! दोन-दोन भोंगे! तुझ्या दुकानात असला आहे का?"

मी वीस वर्षं हेच दुरुस्त करतोय. महिन्याभरात स्पीकर चार्ज होईना, दाजी आले दुकानात. नेहमीचंच दुखणं. चार्जरची पिन जिथे घुसते ते सॉकेट सोल्डरच्या चार बारक्या टाक्यांवर उभं असतं. वायर दोनदा हिसडली की सुटलंच.

दाजी चहाला गेले, मी स्पीकर उघडला. दुसरा भोंगा म्हणजे नुसती प्लास्टिकची थाळी, मागे तारच नाही. वजन म्हणाल तर गोंदाने चिकटवलेली लोखंडी पट्टी. बॅटरी भरली की चार्जिंग तोडणारा भाग? तोही गाळलेला. मी एकटाच पोट धरून हसलो.

सॉकेट झकास जोडलं. आणि खऱ्या भोंग्याची एक तार मुद्दाम अर्धवट ठेवली. का म्हणजे? दाजींची मिजास उतरवायला!

ते आल्यावर गंभीर तोंड केलं. "दाजी, मधेच आवाज गेला तर घाबरू नका. त्याच्या डोक्यावर दोन चापट्या हाणायच्या. भारी माल आहे, नखरे करणारच."

"ते काय मला सांगतोस?" दाजी म्हणाले.

पुढे दोन महिने माझी चंगळ. ताई फोनवर सांगायची, "अरे, ह्यांचे साहेब घरी आले होते. त्यांच्यासमोर ह्यांनी स्पीकरला बडव बडव बडवलं!" मी दुकानात हसून लोळायचो.

रविवारी दुपारी ताईकडे गेलो. दाजी पेपर वाचत होते.

"स्पीकर कुठाय?" मी डोळे मिचकावत विचारलं.

"आईला दिला. कथा ऐकत पडते बिचारी."

ताईच्या सासूबाईंना मी मावशी म्हणतो. आतल्या खोलीत त्या कुशीवर पडलेल्या. कथा चालू होती, पण उशीतून. स्पीकर उशीखाली, वायर भिंतीतल्या चार्जरला.

आवाज गेला. मावशींनी डोळे न उघडता उशीखाली हात घातला. धप. धप. कथा सुरू.

मला हसू फुटणार, तेवढ्यात वास आला. गोडसर, नेलपॉलिशसारखा.

तो वास मी ओळखतो.

"मावशी, उठा!"

"अरे, राजपुत्र आत्ता कुठे घोड्यावर बसलाय—"

मी त्यांना दंडाला धरून ओढलंच. वायर उपटली. उशी उचलली तर स्पीकरची शिवण उकललेली, आणि फटीतून बॅटरी डोकावतेय. फुगून टम्म. उशीचा अभ्रा गरम लागत होता.

पळत गच्चीत गेलो, स्पीकर कुंडीतल्या मातीत कोंबला. चार पावलं मागे आलो असेन नसेन, फुस्स करून धुराचा लोट, मग निळसर ज्वाळा. रोप क्षणात काळं पडलं.

दाजी दारात पेपर घेऊन तसेच. ताईने तोंडावर हात धरलेला. "तिथे आईंचं डोकं होतं," ती एवढंच म्हणाली.

सगळं विझल्यावर काडीने उकरून पाहिलं. लोखंडी पट्टी गोंदातून सुटून बॅटरीत कोपऱ्यावर रुतली होती. ती आपोआप नव्हती सुटली. दोन महिने रोज चापट्या खाऊन सुटली होती.

"स्वस्तातला माल!" दाजी पुटपुटले. "माझंच चुकलं."

गप्प बसलो असतो तर सुटलो असतो. तरी बोललो. अर्धवट तार, चापट्या, चार्जिंग तोडणारा भाग नाही हे दिसूनही हसत झाकण लावणं, सगळं. दाजींनी पेपरची घडी घातली. परत उलगडली. परत घातली.

मावशी काठी टेकत आल्या. कुंडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बंद पडला की काय करायचं सांगितलं होतंस रे?"

मी मान खाली घातली. त्यांनी माझ्या डोक्यावर दोन चापट्या हाणल्या. धप. धप. अगदी स्पीकरला हाणायच्या तशाच.

मी काही सुरू झालो नाही.