दोन इंजिनं आणि एक अबोला

मी एक विमान बोलतोय. जमिनीवर उतरणारं आणि पाण्यावरही. पुस्तकात मला उभयचर म्हणतात, लोक बेडूक म्हणतात. त्याचा मला राग नाही. राग आहे तो दोन भावांचा. तो रास्त आहे का, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलंय. उत्तर दर वेळी थोडं बदलतं. राग मात्र जात नाही.

माझा जन्म एका इंजिनाचा. ते माझ्या डोक्यावर बसवलेलं होतं. थोरला भाऊ मला चालवायचा. धाकटा माझी दुरुस्ती करायचा आणि उडताना त्याच्या शेजारी बसायचा. तळ्यापलीकडच्या वस्त्यांना रस्ता नव्हता. तिथले आजारी आम्ही आणायचो. सोबत एक नर्स असायच्या, सगळ्यांच्या ताई.

उतरण्याआधी थोरला विचारायचा, "खाली काय?"

"पाणी."

"चाकं?"

"वर."

जमिनीवर चाकं खाली लागतात, पाण्यावर ती वर ओढून घ्यावी लागतात. खाली राहिली तर पाण्यात अडकतात आणि मी उलटा होतो. या दोन प्रश्नांवर माझं सगळं आयुष्य चाललं होतं.

एकदा इंजिन हवेतच बंद पडलं. आम्ही तळ्यावर सुखरूप उतरलो, पण धाकट्याने धसका घेतला.

"दादा, दोन इंजिनं बसवू. एक गेलं तर दुसरं घरी आणेल."

"दोन म्हणजे बिघडायला दोन," थोरला म्हणाला. "माझ्या विमानाला हात लावायचा नाही."

पुढे थोरला पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला आणि धाकट्याने संधी साधली. माझं इंजिन उतरवलं, डोक्यावरचं भोक पत्र्याने बुजवलं, पंख उघडून आतून मजबूत केले आणि दोन्हीकडे एकेक इंजिन बसवलं. मला कोणी विचारलं नाही. विमानाला कोण विचारतं? पण सख्ख्या भावाला तरी विचारायचं. काम मात्र चोख होतं. पाण्यावरून मी पूर्वीपेक्षा लवकर उठू लागलो. हे सांगताना अजून जिवावर येतं.

थोरला काठी टेकत आला, माझ्याभोवती फिरला. "माझं विमान कुठाय?" एवढंच म्हणाला. त्यानंतर धाकट्याशी बोललाच नाही, पाठ बरी होऊन पुन्हा मला चालवू लागला तरी. मग धाकटाही हट्टाला पेटला.

"ताई, त्यांना सांगा, डावं इंजिन तापतंय."

"ताई, त्याला म्हणावं, दिसतंय मला."

"मी नर्स आहे, टपालपेटी नाही," ताई म्हणायच्या. "एका आईच्या पोटचे ना रे तुम्ही?"

अशातच पलीकडून निरोप आला. झाड अंगावर पडून एका बाईचा पाय चिरडला होता. आम्ही धावपट्टीवरून निघालो. चाकं वर घेणं हे धाकट्याचं काम, ती घेतली का हे विचारणं थोरल्याचं. धाकट्याचे डोळे सगळा वेळ इंजिनांच्या काट्यांवर. तळं जवळ आलं. थोरल्याने ओठ घट्ट मिटून घेतले. प्रश्नच नाही, तर उत्तर कुठलं?

चाकं पाण्यात अडकली आणि मी कोलांटी खाल्ली. ताईंचा खांदा निखळला. थोरल्याने धाकट्याला मानगूट धरून बाहेर ओढलं. "हात दे, गाढवा." अबोला तिथे सुटला. त्या बाईला बोटीने आणावं लागलं. फार उशीर झाला. जीव वाचला, पाय कापावा लागला.

आता मी शेडमध्ये आहे. दोघे मिळून मला दुरुस्त करतात, एका डब्यात जेवतात, एकमेकांची टिंगल करतात. "झालं ते झालं," धाकटा म्हणतो, "त्या निमित्ताने आपण बोलायला तरी लागलो." हे ऐकलं की माझा पत्रा न् पत्रा तापतो. कुणाच्या जिवावर बोलायला लागलात?

परवा ती बाई कुबड्या घेऊन आली. माझ्या दोन्ही पंखांकडे बघत तिने शांतपणे विचारलं, "यातलं कुठलं बंद पडलं होतं?"

थोरला हातातला पाना पुसत राहिला. धाकटा माझ्या पंखाखाली शिरला. बाई कुबड्या टेकत निघून गेली.

मला तोंड नाही, तुम्हाला आहे. कुठे भेटली तर तिला एवढं सांगा: एकही नाही, बाई. दोन्ही उत्तम चालू होती.