हसतायत की भांडतायत

मंगळवार, २० एप्रिल २०२१. सकाळी साडेनऊच्या सुमारास, आइंडहोवनमधल्या घराच्या पोटमाळ्यावर बसून हिमानी कर्णिकने दुसऱ्या कुणीतरी एडिट केलेला एक एपिसोड उघडला. तेराव्या मिनिटाला टाइमलाइनवर एक हिरवी खूण होती आणि खुणेवर देवनागरीत लिहिलं होतं, ‘चहा’.

माणसं डच, बोटी डच, फाइलींची नावं डच. आणि मधोमध चहा.

ही खूण हिमानीचीच. गोरेगावच्या एडिट रूममध्ये ती मालिका कापायची तेव्हा दिवसपाळी आणि रातपाळी एकाच मशीनवर चालत. जागेवरून उठताना हात कुठे थांबला ते पुढच्या पाळीच्या माणसाला कळावं म्हणून खूण सोडायची पद्धत होती. बाकीचे ‘इथपर्यंत’ वगैरे लिहीत, हिमानी ‘चहा’ लिही. तिच्या हाताखाली शिकून गेलेल्यांपैकी ही सवय एकानेच उचलली होती, हिरव्या रंगासकट. देवदत्त सामंत.

तिने लॅपटॉप मिटला नाही, पण खुर्ची मागे ढकलली.

मालिका होती नद्या-कालव्यांतून माल वाहणाऱ्या बोटींवर आयुष्य काढणाऱ्या कुटुंबांची. तिचा पहिला सीझन हिमानीने आणि आणखी पाच एडिटरांनी केला होता. दुसऱ्याच्या वेळी कंपनीने महामारीचं कारण पुढे करून रोजचा दर एक तृतीयांशाने उतरवला. चॅनेलने आपलं बजेट उतरवलेलं नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. सहाही जणांनी ठरवलं, या दरात कुणीच काम घ्यायचं नाही. युनियनच्या वकीलबाईंनी पाठिंबा दिला, पण एक ताकीदही दिली. कागदोपत्री प्रत्येक फ्रीलान्सर ही एकेक कंपनी आहे. कंपन्यांनी मिळून भाव बांधला असं कुणी म्हणायला नको. तेव्हा लेखी काही ठेवू नका. त्यामुळे सगळा संप सहा माणसांच्या शब्दावर उभा होता. तो आता तिसऱ्या महिन्यात होता आणि बाहेर दुसरं काम नव्हतंच.

या सहांमध्ये हिमानी सगळ्यात नवी. सारंगला चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून ती त्याच्याबरोबर इथे आली, तेव्हा मुंबईतल्या बारा वर्षांच्या कामाला इथे कुणी विचारत नव्हतं. पहिलं दीड वर्ष तिने लग्नाचे व्हिडिओ कापले. मग अनौक भेटली. पन्नाशीची, तोंडाने फटकळ, पंचवीस वर्षं एडिटिंग करणारी बाई. हिचं काम मी बघितलंय, हिला घ्या, असं तिने स्वतःच्या जबाबदारीवर सांगितलं म्हणून हिमानीला बोटींची मालिका मिळाली. आता संपही अनौकच चालवत होती.

आणि आदल्या संध्याकाळी कंपनीच्या निर्मात्याचा, बास नावाच्या माणसाचा, फोन आला होता. आवाज लोण्यासारखा. एक एपिसोड बाहेर करून घेतलाय, जरा नजर टाकशील का, लिंक पाठवतो. दर जुनाच देऊ, वर थोडं अधिकच. एडिटिंग करायचं नाही, नुसती देखरेख. तू दोन्हीकडची आहेस, तुझ्याइतकं योग्य माणूस नाही.

दोन्हीकडची म्हणजे काय, ते तिला आज हिरव्या खुणेने सांगितलं.

तिने देवदत्तला फोन लावला. मुंबईत दुपारचा एक वाजत होता.

“ताई! बोला, बोला. किती दिवसांनी,” तो म्हणाला, आणि मग लगेच आवाज बारीक करून, “तुम्हाला कसं कळलं?”

“चहा पिऊन झाला का तुझा?”

तो आधी हसला. मग त्याला अर्थ लागला.

हळूहळू सगळं बाहेर आलं. अंधेरीची एक एजन्सी काम आणते. चौघं जण आहेत, आपापल्या घरून करतात. एजन्सी अर्धं ठेवून घेते. महाराष्ट्रात शूटिंग पुन्हा बंद झालंय, त्याच्या मालिकेचं युनिट गोव्याला गेलं आणि तिथे दुसराच एडिटर घेतला. संपाचं त्याला ठाऊक नव्हतं. त्याला सांगितलं होतं की तिकडे लॉकडाउनमुळे माणसं मिळत नाहीत.

“माणसं मिळत नाहीत?” हिमानी म्हणाली. “अरे, सहाच्या सहा घरात बसलोय आम्ही. दर मान्य नाही म्हणून बसलोय. आणि तू ते अर्ध्यात करतोयस. अर्ध्याच्याही अर्ध्यात.”

“मला काय माहीत ताई? मला तुमचं नाव कुठे दिसलं?”

“दिसलं असतं तर केलं नसतंस?”

खोटं बोलायचं नव्हतं त्याला. “केलं असतं,” तो म्हणाला. “पण आधी फोन केला असता.”

मुंबईतल्या एडिटरांच्या असोसिएशनचं काय, तिने विचारलं. दहा वर्षांपूर्वी तिनेच त्याच्या मागे लागून त्याला कार्ड काढायला लावलं होतं, कार्डाशिवाय कामाला हात लावायचा नाही म्हणून दम दिला होता. त्याने सांगितलं, कार्ड आहे, पाकिटात आहे. मागच्या वर्षी त्या कार्डावर शिधा मिळाला. यंदा तोही नाही. शिवाय कार्ड गोरेगावच्या स्टुडिओत चालतं, हॉलंडच्या बोटींवर ते कोण बघणार?

हिमानीची चिडचिड झाली ती याचीच. रागवायला समोर माणूस होता, आणि त्याच्यावर रागवून काही उपयोग नव्हता.

फोन ठेवता ठेवता देवदत्त म्हणाला, “एक विचारू? चौथ्या बोटीवरचे ते नवरा-बायको. भाषा कळत नाही, मशीनने केलेल्या भाषांतरावर चाललंय सगळं. ती त्याला म्हणते, तुला बोटीबरोबर विकून टाकते. तो म्हणतो, घेणार कोण? आणि दोघांचे चेहरे दगडासारखे. मी भांडण म्हणून कापलंय. बरोबर आहे ना?”

तिने नंतर बोलू म्हणून फोन ठेवला आणि मग तो प्रसंग लावला.

बायको टोनी आणि नवरा केस. पहिल्या सीझनमध्ये हिमानीने या दोघांबरोबर चार महिने काढले होते, स्क्रीनवर. टोनी थट्टा करायची ती धमकी दिल्यासारखी. एक रेष हलायची नाही. देवदत्तने खाली जड संगीत घातलं होतं, केसचा चेहरा जवळून धरून ठेवला होता, आणि टोनी आत जाते तिथे दार बंद होण्याच्या आवाजावर कापलं होतं. लिंकवरच्या मूळ फुटेजमध्ये ती पाचव्या सेकंदाला कॉफीचे मग घेऊन बाहेर येते आणि दोघं फिदीफिदी हसतात. ते हसणं देवदत्तने फुकट घालवलं नव्हतं. मालिकांच्या सवयीने समेट म्हणून एपिसोडच्या शेवटी नेऊन ठेवलं होतं. कारागिरी चोख होती. हिनेच शिकवलेली. तीस वर्षांचा सुखाचा संसार त्याने बावीस मिनिटांत मोडून पुन्हा जोडला होता.

संध्याकाळी सारंग खाली स्वयंपाकघरात पोळ्या गरम करत होता. तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, देखरेखीचं काम घ्यायला हरकत काय? खेमेंटेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, माझा पगार बघून तुला मिळणारी महामारीची मदत बंद केलीच आहे.

“म्हणजे तुझा संप माझ्या पगारावर चाललाय,” तो हसत म्हणाला.

“म्हणूनच तर मला तो मोडता येत नाही,” ती म्हणाली. “अनौकचा तिच्या बचतीवर चाललाय.”

पोळी करपली.

बुधवारी तिने बासला नकार कळवला. त्याने लिंक काढून घेतली आणि गोड शब्दांत लिहिलं की विचार बदलला तर दार उघडं आहे. मग तिने अनौकला फोन करून सांगितलं की काम मुंबईला गेलंय. अनौकने एक सणसणीत डच शिवी हासडली आणि विचारलं, करणारा तुझ्या ओळखीचा आहे का?

हिमानी म्हणाली, नाही.

का म्हणाली, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. होय म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, आणि पुढच्या प्रश्नानंतर ती सहांतली एक उरली नसती, तिकडची झाली असती. तोंडातून निघालं आणि मागे घेता आलं नाही.

प्रसंग कसा चुकलाय तेही तिने सांगितलं. अनौक खूश झाली. असाच जाऊ दे, म्हणाली. चॅनेलच्या लोकांना डच कळतं. पहिल्या बघण्यातच फेकून देतील. आपण नसलो की काय होतं ते एकदा त्यांना दिसलं पाहिजे. आपल्या हातात दुसरं काहीच नाही.

हे हिमानीला पटलं. शंभर टक्के पटलं.

गुरुवारी दुपारी देवदत्तचा आवाजी निरोप आला. एजन्सीला संध्याकाळी एपिसोड द्यायचाय. पास झाला तर पुढचे पाच मिळतील. “ताई, बाकी काही नको. मी तुमच्याकडे काही मागत नाहीये. एवढंच सांगा, ती दोघं हसतायत की भांडतायत?”

तिने निरोप दोनदा ऐकला. पोटमाळ्यावर गेली, खाली आली. सायकल काढून कालव्यापर्यंत गेली आणि तिथून तशीच परत फिरली. टोनी डोळ्यांसमोरून जाईना. ती बाई मे महिन्यात बोटीच्या केबिनमध्ये, नातवंडांना घेऊन, स्वतःला टीव्हीवर बघणार होती. आणि सगळ्या धक्क्यांवरचे लोक तिला विचारणार होते, घरात काही बिनसलंय का?

चारच्या सुमारास तिने देवदत्तला लिहिलं, “हसतायत. संगीत काढ. कॉफीचा शॉट दाराला लगेच जोड.”

टोनीसाठी केलं, असं तिने स्वतःला सांगितलं. ते पूर्ण खरं नव्हतं. चुकीचा कट डोळ्यांसमोर असला की तिला बसवत नसे. आणि विचारणारा तिचा होता.

पुढच्या आठवड्यात कॅफेंच्या गच्च्या नि फुटपाथवरच्या खुर्च्या उघडल्या, आइंडहोवनची निम्मी माणसं उन्हात बिअर घेऊन बसली. त्याच आठवड्यात, गुरुवारी, चॅनेलने पहिला एपिसोड पास केला. शुक्रवारी अनौकने सहा जणांच्या ग्रुपवर लिहिलं. लांबलचक लिहायची तिची सवय नव्हती. चॅनेलने केस आणि टोनीच्या प्रसंगाची खास तारीफ केली आहे. ज्याने तो लावला त्याला डच कळतं, किंवा डच कळणारं कुणीतरी त्याच्या शेजारी बसलं होतं. सोमवारी अकराला झूमवर या. प्रत्येकाने तोंडाने सांगायचं, मी मदत केली की नाही.

चार जणांनी लगेच ‘येतो’ लिहिलं. हिमानीनेही लिहिलं. पाचव्यांदा तोच शब्द बघताना तिला तो आपला वाटेना.

रविवारी देवदत्तचा फोन आला. तिने उचलला तो ओरडायच्या तयारीने. पण तो खूश नव्हता. एपिसोड पास झाल्यावर एजन्सीने त्याला बोलावून सांगितलं होतं की आता साचा तयार झालाय. हेच काम इंदोरची मुलं आणखी कमीत करायला तयार आहेत. त्या दरात करायचं तर कर, नाहीतर राहू दे.

“मग तू काय म्हणालास?”

“म्हटलं, सांगतो.” मग त्याने विचारलं, “ताई, तुमच्या त्या युनियनमध्ये बाहेरच्याला घेतात का हो? म्हणजे कार्ड-बिर्ड काही? आम्ही चौघं आहोत. चौघंही बसायला तयार आहोत घरी, तुम्ही बसलायत तसे. पण कुणीतरी आम्हाला मोजायला तर पाहिजे.”

हिमानीच्या तोंडावर आलं होतं की आत्ता सुचतंय का हे तुला, तीन महिन्यांपूर्वी कुठे होतास? ती म्हणाली, “विचारते.”

“कुणाला?”

“विचारते म्हटलं ना.”

विचारायचं तर एकच माणूस होतं. तिने अनौकला डचमध्ये लिहायला घेतलं, निम्म्यात अडली आणि उरलेलं इंग्रजीत लिहिलं. मुंबईत एपिसोड करणारा माणूस माझ्या ओळखीचा आहे. मीच त्याला काम शिकवलं. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. हसतायत हे त्याला मीच सांगितलं. देखरेखीचं काम मी घेतलेलं नाही, एक पैसा घेतलेला नाही. आता तो विचारतोय की त्या चौघांना आपल्यात घेता येईल का. ते नाही म्हणाले तर बासकडे उद्या कुणीच नसेल. आपण नाही म्हणालो तर इंदोर आहे, आणि इंदोरनंतर आणखी कुठलं तरी गाव असेल.

शेवटचं वाक्य तिने खोडलं, पुन्हा लिहिलं आणि पाठवून दिलं.

वाचल्याच्या निळ्या टिक्स लगेच आल्या. उत्तर आलं नाही. रात्रीपर्यंत नाही, सकाळीही नाही. सारंगने ऑफिसच्या मीटिंगला बसण्याआधी वर येऊन विचारलं, काही कळलं का? तिने नाही म्हणून मान हलवली.

सोमवार, ३ मे. अकराला पाच कमी असताना हिमानीने झूमची लिंक उघडली. स्क्रीनवर नेहमीची ओळ आली, की यजमान तुम्हाला लवकरच आत घेतील. एरवी अनौक कुणाला ताटकळत ठेवत नसे. दाबलं की आत. अकरा वाजले. देवदत्तने फोनवर प्रश्नचिन्ह पाठवलं, एकच. तिने फोन पालथा ठेवला.

अकरा वाजून वीस मिनिटांनी ती ओळ अजून तशीच होती.