घरचा कॅमेरा

“वजन तेच, खटका तोच, तरी परक्याच्या घरून आल्यासारखा वागतोय मेला,” सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. मांडीवर सासऱ्यांचा कॅमेरा.

जुने फिल्मचे कॅमेरे डिजिटल करून देणं हा आमच्या ह्यांचा धंदा. फिल्म बसायची तिथे सेन्सर, पाठीला इवलासा पडदा. सासरे गेल्यापासून घरचा कॅमेरा मात्र कपाटातच होता. आईला भेट म्हणून ह्यांनी तो परवा हाती घेतला.

गिऱ्हाइकाचा कॅमेरा आला की हे आधी फिल्म गुंडाळायची कळ बोटाने हलकेच फिरवून बघतात. ताण लागला तर आत फिल्म आहे, झाकणाला हात लावायचा नाही. पण घरच्याला कसलं विचारायचं? दिव्याखाली सरळ उघडला. दचकले, कॅमेरा हातातून निसटला आणि सासऱ्यांची फिल्म टेबलभर उलगडली. एकदा उजेड लागला की फिल्म कामातून गेली.

तेव्हापासून ती स्क्रूच्या खणात दडवलेली आहे आणि हे जेवताना ताटातून मान वर काढत नाहीत. मीही काही कमी नाही. सासूबाईंनी विचारलं, “आत काही होतं का गं?” मी म्हटलं, “धूळ.”

“आई, इकडे बघ, तुझा एक काढतो,” ह्यांनी आता उसन्या उत्साहाने कॅमेऱ्यासाठी हात पुढे केला.

“माझे कशाला? पोतंभर आहेत.” त्या भिंतीकडे बघत होत्या. तिथे सासऱ्यांचा फोटो, ऑफिसच्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला. कोपऱ्यात कुणाचा तरी खांदा राहून गेलाय.

“चष्म्याची दांडी निखळली म्हणून स्क्रू शोधत होते,” त्या म्हणाल्या. “खणात धूळ सापडली. लांबलचक होती.”

मी पदराशी चाळा करत बसले. हे आईजवळ येऊन बसले. “बाबांचा शेवटचा रोल होता गं. माझ्या हातून...”

“त्यात बाबा नव्हते रे,” सासूबाईंनी कॅमेरा बाजूला ठेवला. “मी असेन, तू असशील, ही असेल. ते जन्मभर कॅमेऱ्यामागे. ‘द्या इकडे, तुमचा काढू’ असं आपल्यातल्या एकाच्याही तोंडून कधी निघालं नाही.”